देश तसा घास

श्रोतेहो, 'देश तसा वेश' ही म्हण आपण सगळेच जाणतो. परमुलखात गेलं की तिथल्या हवेप्रमाणे आणि रीतीप्रमाणे अंगावरचा कपडा बदलावा, एवढं शहाणपण आपल्या वाडवडिलांनी या तीन शब्दांत भरून ठेवलं आहे. पण गंमत पाहा, 'देश तसा घास' अशी म्हण मात्र आपल्याकडे रूढ झाली नाही. वेश बदलायला माणूस तयार होतो, पण घास बदलायचा म्हटला की त्याचा हात अडखळतो. असं का व्हावं? परक्या गावी गेल्यावर तिथलं अन्न आनंदानं खाणं ही गोष्ट आज आपल्याला अगदी साधी वाटते. ती आपल्या देशात इतकी साधी कधीपासून झाली? या प्रश्नाचा आज आपण थोडा इतिहासाच्या अंगानं विचार करू. आणि तो मोघमपणे करण्यापेक्षा एका ठिकाणी उभं राहून करू. ते ठिकाण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातला आंबोलीचा घाट.

आंबोली हे सावंतवाडी तालुक्यातलं गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर, म्हणजे जुन्या हिशेबानं सव्वादोन हजार फुटांहून थोडं अधिक उंच. खाली पश्चिमेला कोकणपट्टी आणि समुद्र, वर पूर्वेला आजरा, चंदगड, गडहिंग्लज आणि पुढे बेळगाव. पाऊस इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. याच गावात हिरण्यकेशी नदी उगम पावते. समुद्र जवळ दिसत असूनही ती पाठ फिरवून पूर्वेला निघते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि तिचं पाणी कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला जातं.

आता या उंचीचा आणि पावसाचा जेवणाशी काय संबंध, असं आपण विचाराल. तर संबंध फार जवळचा आहे. ढग घाटावर आपटतात आणि इथेच रिते होतात. त्यामुळे आंबोलीपासून पूर्वेला जसजसं जावं, तसतसा पाऊस झपाट्यानं ओसरत जातो. खाली कोकणात पाणथळ खाचरं, म्हणून तिथे भात. घाटाच्या उतारावर नाचणी. जरा पुढे आजऱ्याच्या बाजूला पुन्हा भात, आणि तोही घनसाळसारखा वासाचा, ज्याला आज भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आणि पाऊस आणखी कमी झाला की ज्वारी. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. या घाटात बारा कोसांवर ताटसुद्धा बदलतं.

खाली सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या घरात जाऊन पाहा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्या तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा, नाहीतर लोणच्याची फोड. दुपारी भात आणि माशाचं तिखलं किंवा कुळथाची पिठी, शेवटी सोलकढी. सणाला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, गोडाला नारळाच्या रसातले शिरवळे. न्याहारीला घावन, नाहीतर आंबोळी. आंबोली हे गाव आणि आंबोळी हा पदार्थ यांत एका अक्षराचाच फरक, म्हणून पाहुणे थट्टा करतात खरी, पण तव्यावरची आंबोळी साऱ्या कोकणाची आहे. आता घाट चढून वर या. तिथे भाकरी, झुणका, ठेचा, आमटी. कोकणात वाटप ओल्या नारळाचं, तर वर दाण्याचा कूट, तीळ, कारळ आणि सुकं खोबरं.

या सुक्या खोबऱ्यापाशी जरा थांबू या. कोल्हापूरच्या मसाल्यात सुकं खोबरं लागतंच. पण नारळ तर तिथला नव्हे, तो समुद्राकाठचा. मग तो वरच्या मसाल्यात कसा जाऊन बसला? तर वाटेनं. ओला नारळ जड आणि नासका, पण वाळवलेलं खोबरं हलकं आणि टिकाऊ. जे टिकतं ते घाट चढतं. तीच गोष्ट आमसुलाची. रातांब्याची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवली की वर्षभर राहते. तीच गोष्ट सुकटीची आणि मिठाची. परत फिरताना बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांत गूळ, मिरची, कापूस, तंबाखू आणि धान्य असे. मीठ खाली पिकतं आणि खातात सगळे, म्हणून या वाटेवर मिठाचा व्यवहार फार जुना. लमाणांचे तांडे बैलांवर गोण्या लादून घाट चढत असत. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याची मिठागरं तर आपल्या शिक्षकांना दोन कारणांनी ठाऊक असतील. एक म्हणजे १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. आणि दुसरं म्हणजे त्याच शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिक्षक होते.

या वाटेचा इतिहासही थोडक्यात सांगतो. वेंगुर्ले हे जुनं बंदर. डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात तिथे वखार घातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत. तिथून बेळगावला जाण्याची जुनी वाट रामघाटाची. पुढे इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आंबोलीवरून गाडीरस्ता झाला आणि बंदरावर उतरलेला माल व लष्करी सामान याच रस्त्यानं बेळगावच्या छावणीकडे जाऊ लागलं. आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेनं घाटमाथ्याशी जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याच्या मालाचा ओघ आटला. पण रस्ता राहिला, आणि रस्त्यानं दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत जे पोचवलं होतं तेही राहिलं.

तेव्हा पहिली गोष्ट आपण मनाशी धरू ती ही, की गावचं अन्न त्या गावच्या मातीतून येतं, तसं त्या गावच्या वाटेवरूनही येतं. प्रवाशानं ताट नीट पाहिलं तर त्याला त्या मुलखाचा पाऊस दिसतो आणि बाजारही दिसतो.

आता जुन्या काळचा एक प्रवासी घेऊ. त्यासाठी आपल्याला याच किनाऱ्यानं थोडं दक्षिणेला, गोव्याच्या पलीकडे होनावरला जावं लागेल. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्को देशचा प्रवासी होनावरच्या सुलतानाकडे पाहुणा होता. त्यानं तिथल्या जेवणाचं बारकाईनं वर्णन करून ठेवलं आहे. आधी थोडा भात, त्यावर तूप, सोबत मिऱ्याच्या घोसांचं, आल्याचं, लिंबाचं आणि आंब्याचं लोणचं. मग पुन्हा भात आणि कोंबडी. मग पुन्हा भात आणि मासे. मग भाज्या, आणि शेवटी ताक-दह्याचा प्रकार. किती ओळखीचं वाटतं पाहा! सहा-सातशे वर्षांपूर्वीचं हे ताट, पण भात, मासा, लोणचं आणि शेवटी काहीतरी आंबट पेय हा क्रम आजच्या किनाऱ्यावरच्या माणसाला परका वाटणार नाही.

पण हा थोर प्रवासी शेवटी माणूसच. तो पुढे तक्रारही करतो. आपण अकरा महिने या सुलतानाकडे राहिलो आणि तेवढ्या काळात भाकरी-रोटी दिसली नाही, असं तो सांगतो. पुढे मालदीव, सिलोन आणि मलबार या भागांत तीन वर्षं भातच खावा लागला, तेव्हा घास घशाखाली उतरेना, तो पाण्याबरोबर गिळावा लागे. आपल्यापैकी जे देशावरचे शिक्षक कोकणात बदलून आले असतील त्यांना हे दुःख समजेल! आणि तरीही त्यानं ते ताट बारकाईनं पाहिलं, चाखलं आणि लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक झालं. प्रवाशाच्या जिभेनं इतिहासाची केलेली ही सेवाच म्हणायची.

त्या ताटात एक गोष्ट नव्हती, ती आपल्या ध्यानात आली का? त्यात मिरची नव्हती. तिखटपणासाठी मिरी आणि आलं होतं. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यानंतर समुद्रापलीकडून मिरची, काजू, बटाटा, अननस, पपई, भुईमूग अशी पिकं एकामागून एक आपल्याकडे आली. काजू, बटाटा, अननस, पपई, पाव हे शब्द पोर्तुगीज बोलीतून आले, ते आपल्या तोंडी इतके रुळले की ते परके आहेत असं सांगितलं तर आजी रागावेल. उपासाचं ताट घ्या. बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि साबुदाणा ज्याच्या कंदापासून करतात तो कसावा, हे सगळं अमेरिकेतलं. आपल्या एकादशीला दुसऱ्या खंडाची मदत घ्यावी लागते!

हे सांगण्यात कोणाचा उपहास करायचा नाही. सांगायचं एवढंच, की 'हे आमचं अस्सल आणि ते तुमचं परकं' असं अन्नाच्या बाबतीत फार ठासून म्हणता येत नाही. आजचं मालवणी तिखटही वाटेनंच आलेलं आहे. शिक्षकांनी आणखी एक काळजी घ्यावी. पदार्थांविषयी अनेक सुरस कथा सांगितल्या जातात. तंजावरला संभाजीराजांच्या नावावरून 'सांबार' हे नाव पडलं, ही त्यांतली एक. ऐकायला छान, पण तिला समकालीन कागदांत आधार सापडलेला नाही. तंजावरचा खरा इतिहास काही कमी गोड नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग मराठी माणसं तिकडे गेली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडितानं 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचा संबंध तंजावरच्या दरबाराशी होता, आणि त्याच्या ग्रंथात मराठी घरांतले पदार्थ आढळतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ तिथे सिद्ध झाला. घरापासून शेकडो कोसांवर गेलेली माणसं आपल्या चवी जपत होती आणि नव्या चवी लिहूनही ठेवत होती.

पण श्रोतेहो, राजे-रजवाड्यांचं झालं. सामान्य माणूस प्रवासाला निघे तेव्हा तो काय खाई? बहुधा तो आपलंच खाई. घरून निघताना तांदूळ, डाळ, पीठ, तिखटमीठ असा शिधा बांधून घ्यायचा. ओढा लागला की उतरायचं, तीन दगड मांडायचे, काटक्या पेटवायच्या आणि आपल्या हातानं रांधायचं. जवळच्या वाटेला दशम्या. या दशमीतही इतिहास आहे बरं का. तिचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं. असं केलं की ती मऊ राहते आणि टिकते, हा एक फायदा. दुसरं कारण असं, की पाण्यात शिजलेलं अन्न विटाळतं, दुधातुपातलं विटाळत नाही, अशी समजूत होती. म्हणजे दशमी ही वाटेवरच्या भुकेची सोय होती आणि वाटेवरच्या विटाळावरचा तोडगाही होती. मुलांच्या गोष्टींतला वाटसरू तहानलाडू आणि भूकलाडू घेऊन निघतो, त्याच्यामागेही हीच रीत आहे.

शिध्याची रीत सगळी वाईट होती असं मी म्हणत नाही. खर्च वाचे, अपचन टळे, आणि जिथे खाणावळ नाही तिथे दुसरा उपायही नव्हता. धर्मशाळा होत्या, अन्नछत्रं होती, वारीच्या वाटेवर गावंच्या गावं वारकऱ्यांना जेवू घालत आणि आजही घालतात. हा आपला मोठेपणाच. पण त्याच वेळी कोणी कोणाच्या हातचं खायचं, कोणी कोणत्या पंगतीला बसायचं आणि कोणी कोणत्या पाणवठ्यावर वाकायचं, हे जातीनं ठरवून टाकलं होतं. रेल्वे आली, एका डब्यात सगळे बसू लागले, तरी स्टेशनावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळे. आणि ज्यांना अस्पृश्य मानलं जाई, त्यांना वाटेवर पाणीसुद्धा मिळण्याची खात्री नसे.

याचं एक उदाहरण सांगतो. ते घडलं १९०१ साली, सातारा जिल्ह्यात. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं, अशी चौघं साताऱ्याहून आगगाडीनं वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली. अंगावर नवे कपडे, मनात सुटीचा आनंद, सोबत भरपूर फराळाचा डबा. मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्र झाली, भूक लागली, डबा उघडला. पण प्यायला पाणी नाही, आणि या मुलांना पाणी द्यायला कोणी तयार नाही. भरलेला डबा समोर असताना ती मुलं उपाशी झोपली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे बाबासाहेबांनी हा प्रवास स्वतःच लिहून ठेवला आहे.

श्रोतेहो, आपण सहलीला जातो, वाटेत गाडी थांबवतो, एखाद्या टपरीवर चहा मागतो, काय गरम आहे विचारतो. त्या साध्या विचारण्यामागे केवढा मोठा इतिहास उभा आहे, हे या एका रात्रीवरून ध्यानात येईल. डब्यात अन्न असणं पुरत नाही. परक्या गावात आपल्याला माणूस म्हणून पाणी मिळावं लागतं, बसायला जागा मिळावी लागते. तेव्हा कुठे प्रवासातल्या जेवणात आनंद येतो.

हा बदल आपोआप झाला नाही. आता आपण पुन्हा आंबोलीकडे येऊन तिथून वरच्या अंगाला, कोल्हापूरला जाऊ. तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं, आणि गंगारामांना भर शहरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक तिकडे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. कायदा लिहिणं सोपं असतं, पण राजानं भर रस्त्यावर कप तोंडाला लावला की तो सगळ्यांना दिसतो. महाराजांचं निधन १९२२ साली झालं. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, खाली कोकणातल्या महाडला बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एका बाजूला चहाचा कप, दुसऱ्या बाजूला ओंजळभर पाणी. वाटेवरच्या पोटाची लढाई अशी कपातून आणि ओंजळीतून लढली गेली.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात म्हटलं आहे, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यास, किंवा सार्वजनिक विहिरी, तळी, घाट आणि रस्ते वापरण्यास मज्जाव करता येणार नाही. सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, तोच पुढे १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावानं ओळखला जातो. घटनेत उपाहारगृहांचा उल्लेख कशाला, असं एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं तर त्याला मसूर स्टेशनची ती हकीगत सांगावी. कायदा झाला म्हणून मनं लगेच बदलली असं नाही. काही ठिकाणी वेगळ्या कपबश्या पुढेही चालू राहिल्या. पण दार उघडलं हे खरं, आणि ते उघडं ठेवणं हे तुमच्याआमच्या हातात आहे.

दार उघडायला आणखी एका गोष्टीनं मदत केली. ती म्हणजे खाणावळ. कोकणातला चाकरमानी गिरणीत काम करायला मुंबईला गेला. घरदार गावी, राहायला दहा-वीस जणांत एक खोली. मग त्याच चाळीतली एखादी बाई त्याला डबा लावी, आणि आपल्या मुलखाची आमटी त्याला परमुलखात मिळे. या खाणावळवाल्या बायांनी हजारो माणसांना पोसलं, पण त्यांच्या हातात पैसा राहत नसे, सावकार तो घेऊन जाई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायांना एकत्र आणून मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. परगावी जेवताना आपण ताटाची चव पाहतो, पण ते रांधणाऱ्या हाताचं काय, हा प्रश्न या बायांनी आपल्याला विचारायला शिकवलं.

आता आजच्या आंबोलीत येऊ. पावसाळा सुरू झाला की धबधबे पाहायला इथे लोटच्या लोट येतात. कोल्हापूर, बेळगाव, गोवा, मुंबई, पुणे, सगळीकडून. आता कोणाची जात विचारून कोणी चहा देत नाही, ही समाधानाची गोष्ट. पण एक नवीन अडचण आली आहे. रस्त्याकडेला काय मिळतं? मक्याचं कणीस, वडा, भजी, पाकिटातल्या शेवया. हॉटेलात जावं तर जी यादी पुण्यात तीच नागपुरात आणि तीच इथे. पूर्वी माणूस सोवळ्यापोटी आपलंच अन्न बरोबर नेत असे. आता त्याच्या ओळखीचं अन्न त्याच्या आधीच घाट चढून बसलेलं असतं. दोन्ही वेळा एकच होतं. इतका दूर येऊनही तो या मुलखाचा घास न घेता परत जातो.

यात टपरीवाल्याचा दोष नाही. तो मागितलं जातं ते देतो. दोष असेल तर मागणाऱ्याच्या न विचारण्याचा आहे. उदाहरण सांगतो. भर जुलैत आंबोलीला आलेला पाहुणा ताजा सुरमई मागतो. आता जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. समुद्र खवळलेला असतो, माशांच्या विणीचा हंगाम असतो, आणि यांत्रिक होड्यांना सरकारी बंदी असते. मग मिळणारा मासा बर्फातला, कुठून तरी लांबून आलेला. त्या दिवसांत इथल्या घरांत शिजतं काय? कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, अळू, टाकळा, भारंगी अशा पावसाच्या रानभाज्या, आणि वर आमसुलाचं सार. हे त्या ऋतूचं खरं ताट. ते मागायला यादी उपयोगाची नाही. जेवण करणाऱ्या बाईंना अदबीनं विचारावं, "काकी, आज घरच्यांसाठी काय केलंत?" घरच्यांसाठी जे केलेलं असतं ते त्या मुलखाचं असतं, त्या दिवसाचं असतं आणि बहुधा स्वस्तही असतं.

प्रवाशानं आणखी दोन पथ्यं पाळावीत. पहिलं, परक्या अन्नाला नाक मुरडू नये. तिरफळाचा वास एखाद्याला पहिल्या दिवशी चमत्कारिक वाटेल, सुकटीचा वास नकोसा होईल. नको असेल तर हात जोडून नको म्हणावं. व्रत असो, पथ्य असो, मन घेत नसो, न खाण्याचाही हक्क माणसाला आहे. पण 'हे काय खातात लोक!' असं म्हणू नये. अन्नाला हसणारा माणूस ते खाणाऱ्यालाच हसत असतो, आणि आपल्या देशात त्या हसण्याला फार जुने काटे आहेत. दुसरं, जेवलेल्या घासाचे पैसे रांधणाऱ्याच्या हातात पडतील असं पाहावं. आमसूल, कुळीथ, घनसाळचे तांदूळ घरी न्यायचे असतील तर ते करणाऱ्यांकडूनच घ्यावेत. घाटाची वाट अशी पुन्हा चालती होईल.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. वर्गात एकदा मुलांना सांगा, की काल रात्री जे जेवलात त्यातल्या प्रत्येक जिनसाचं नाव लिहून आणा आणि तो कुठून आला ते घरात विचारून लिहा. तांदूळ कोणत्या शेतातला, मीठ कोणत्या मिठागरातलं, मिरची कोणत्या बाजारातली, आणि ती मुळात कोणत्या खंडातली. मग फळ्यावर नकाशा काढा आणि त्या साऱ्या वाटा त्यावर दाखवा. इतिहास आणि भूगोल हे दोन वेगळे विषय नाहीत हे मुलांना एका तासात समजेल. आजी-आजोबांना एक प्रश्न मात्र जरूर विचारायला सांगा. तुमच्या लहानपणी परगावी गेलं तर कुठे जेवत होतात, आणि कोणाला कुठे जेवता येत नव्हतं? उत्तरं एकसारखी येणार नाहीत. ती सगळी ऐकून घ्यावीत.

आणि दुपारची घंटा झाली की आपल्या शाळेच्या ओसरीकडे पाहावं. देशभर १९९५ साली सुरू झालेल्या पोषण आहाराच्या योजनेतून, आणि २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाच्या रूपानं, तिथे रोज एक पंगत बसते. त्या पंगतीत कोणी मागे बसवलेलं नाही ना, कोणाची ताटली वेगळी ठेवलेली नाही ना, वाढणाऱ्या बाईंच्या हातचं नको असं कोणी म्हणत नाही ना, एवढं रोज पाहावं. त्या ओसरीवर जे मूल शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवायला शिकेल, ते उद्या देशात कुठेही गेलं तरी तिथला घास आनंदानं घेईल, आणि आपल्या गावी आलेल्या परक्याला आपल्या घासातला घास देईल.